कागदाची कड : डोळे गेल्यानंतरचे बिनोदबिहारी

गेल्या जूनमध्ये आठवीतला एक मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसला, तरी त्याला फळा दिसत नव्हता. एक डोळा लहानपणापासूनच कामातून गेलेला, दुसऱ्याची नजर वर्षागणिक उतरत चाललेली. चित्रकलेच्या तासाला तो कागदावर इतका वाकायचा की नाकाच्या शेंड्याला शिसं लागायचं. एकदा शाळा सुटताना त्याच्या आईने मला फाटकाशी गाठलं. "सर, याला एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसवायचं का? नसेल जमण्यासारखं तर आत्ताच सांगा. उगाच आशा लावू नका."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. चित्रकला शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली, पण या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. घरी येऊन मी बिनोदबिहारी मुखर्जींवरचं जे जे जवळ होतं ते काढून बसलो. पुढे लिहिलं आहे ते त्या एका चित्रकाराचं प्रकरण. नजर पूर्ण गेल्यानंतर या माणसाने तेवीस वर्षं काम केलं. ते कसं जमलं, कशाच्या जोरावर जमलं आणि काय जमलं नाही, हे मला नीट समजून घ्यायचं होतं.

सुरुवातच अर्ध्या नजरेने

बिनोदबिहारींचा जन्म 7 फेब्रुवारी 1904 चा, कोलकात्याजवळच्या बेहालातला. एका डोळ्याने दिसतच नव्हतं आणि दुसऱ्याची लघुदृष्टी फार तीव्र होती. त्यापायी नेहमीची शाळा धड झाली नाही. 1917 मध्ये घरच्यांनी त्यांना शांतिनिकेतनला धाडलं. दोन वर्षांनी तिथे कलाभवन ही कलाशाळा सुरू झाली आणि पहिल्या काही विद्यार्थ्यांत हा मुलगा दाखल झाला.

नंदलाल बोस तिथले गुरू. त्यांना हा विद्यार्थी घ्यायचा की नाही, असा प्रश्न पडला होता. ज्याला नीट दिसत नाही त्याला चित्रकलेत कशाला अडकवायचं? त्यांनी तो प्रश्न रवींद्रनाथांपुढे ठेवला. रवींद्रनाथांनी विचारलं ते इतकंच, की मुलगा मन लावून, नेमाने काम करतो का? करत असेल तर त्याच्या भविष्याची चिंता तुम्ही करू नका, ज्याला त्याला आपली वाट शोधू द्या. हा प्रसंग स्वतः बिनोदबिहारींनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. मी तो वाचला आणि फाटकाशी उभी असलेली ती आई डोळ्यांसमोर आली. प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा, पण अगदी तोच.

1925 पासून ते कलाभवनातच शिकवू लागले. विद्यार्थ्यांचे ते बिनोददा. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले सत्यजित राय आणि चित्रकार झालेले के. जी. सुब्रमण्यन हे दोघेही त्यांच्या हाताखालून गेले.

शांतिनिकेतनच्या आसपासची बीरभूमची जमीन लाल, मुरमाड, पावसाने चरे पडलेली. तिला तिथे खोआई म्हणतात. मैलोन् मैल उघडा माळ, मध्येच एखादं ताडाचं झाड. बिनोदबिहारी एकटेच तिथे भटकत आणि तेच काढत. त्यांनी पुष्कळदा लांब, आडव्या गुंडाळीचित्राची पद्धत वापरली. 1937 च्या सुमारास ते जपानला गेले, तेव्हा तिथल्या जुन्या गुंडाळीचित्रांचा आणि कुंचल्याच्या रेषेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. गुंडाळीचित्र एका नजरेत बघायचं नसतंच. हातभर उलगडायचं, बघायचं, गुंडाळायचं, पुढचं हातभर उलगडायचं. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला चित्राचा हा प्रकार उपरा वाटत नाही. आणि त्या कुंचल्याच्या रेषेचं शिक्षण मनगटाचं असतं. दाब किती, वळण कुठे, उचल कुठे, हे हात शिकतो, आणि एकदा शिकला की विसरत नाही.

हिंदी भवनाची भिंत

1940 मध्ये त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहात छतावर बीरभूमचं खेडं रंगवलं. 1942 मध्ये चीना भवनात शांतिनिकेतनचं रोजचं जगणं. आणि 1946-47 मध्ये हिंदी भवनात मध्ययुगीन संतांची जीवनं. हे तिसरं काम विसाव्या शतकातल्या भारतीय कलेतलं एक शिखर आहे, असं माझं ठाम मत आहे. बिनोदबिहारींचं नाव घेताना लोक आधी अंधत्व सांगतात आणि ही भिंत मागे राहते, याची मला खंत वाटते.

तीन भिंतींवर, दारांच्या वरच्या अंगाने हे चित्र वळत जातं. रामानुज आहेत, मागावर बसलेले कबीर आहेत, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग आहेत. पण संतांइतकीच जागा साध्या माणसांना आहे. घाटावरची माणसं, ओझी वाहणारी, बसलेली, चाललेली. आपण वारीत उभं राहून दिंडी बघतो तेव्हा कोणाचा चेहरा कुठे संपला आणि पुढच्याचा कुठे सुरू झाला ते कळत नाही, पण ओघ कळतो. या भिंतीसमोर मला तसंच झालं होतं. देशात दंगली पेटलेल्या, फाळणी दाराशी आलेली, आणि हा माणूस परांचीवर उभा राहून विणकऱ्याला, आंधळ्या कवीला, गुरूला एकाच प्रवाहात बसवत होता.

ओल्या गिलाव्यावरच्या चित्राचं तंत्र जरा सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्याशी जोडलेलं आहे. चुन्याचा गिलावा ओला असेपर्यंतच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंगाचे कण तिच्यात कायमचे कोंडले जातात. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. सुकला की खाडाखोड नाही. बहुतेक चित्रकार यासाठी पूर्ण मापाचा कच्चा आराखडा करतात आणि तो भिंतीवर उतरवून घेतात. बिनोदबिहारींनी तसा उतरवलाच नाही. छोटी रेखाटनं हाताशी, बाकी सगळं डोक्यात, आणि थेट भिंतीवर कुंचला. सोबतीला विद्यार्थी होते, त्यांत सुब्रमण्यन होते आणि लीलाही होत्या. पुढे नामांकित शिल्पकार झालेल्या याच लीला मुखर्जी, बिनोदबिहारींच्या पत्नी.

विचार करा, भिंतीपासून चार पावलं मागे जाऊन 'कसं दिसतंय' हे बघण्याची सोय या माणसाला नव्हती. मागे गेलं की धूसर. नाक भिंतीला लावून जेवढं दिसेल तेवढंच चित्र, आणि उरलेली सगळी भिंत मनात धरून ठेवायची. अखंड भिंत त्यांनी अशी धरून ठेवली. दहा वर्षांनी काय होणार आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यासाठी लागणारी ताकद इथे कमावून झाली होती.

आणि त्या भिंतीवर त्यांनी सूरदास काढला होता.

अंधार

1949 मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडलं. काठमांडूच्या सरकारी संग्रहालयात अभिरक्षक झाले. त्याच वर्षी मुलगी झाली, मृणालिनी. तिचा जन्म आपल्या मुंबईतला. नेपाळनंतर राजस्थानात वनस्थळीला शिकवणं, मग मसुरीला नवराबायकोने मिळून काढलेली कलाशाळा, मग पाटणा. कुठलंच बस्तान फार काळ टिकलं नाही. नजर उतरतच होती. 1957 च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी झाली नाही, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी उरलीसुरली दृष्टीही गेली. मुलगी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची.

या ठिकाणी आपण घाई करतो. 'पण त्यांनी हार मानली नाही' असं एक वाक्य टाकून त्यांनी नंतर कात्रीने कागद कापून केलेल्या चित्रांपाशी पोचतो. मला तसं करवत नाही. चित्रकाराचे डोळे जाणं म्हणजे काय, हे मी माझ्या पोटापाण्याच्या कामावरून थोडंफार ओळखू शकतो. सकाळी उठल्यावर खिडकीतला उजेड भिंतीवर कुठे आलाय हे न कळणं. स्वतः काढलेली भिंत पुन्हा कधीही न दिसणं. मुलगी मोठी होताना तिचा चेहरा कसा बदलला हे न कळणं.

1958 मध्ये ते शांतिनिकेतनला परतले, कलेचा इतिहास शिकवायला. लीला देहरादूनला शाळेत शिकवत होत्या. शांतिनिकेतनची प्रत्येक पायवाट पायांना माहीत होती, कोणतं झाड कुठे हे आठवत होतं. अंध माणसाला ओळखीची जागा मिळणं ही अर्धी लढाई असते, असं मला वाटतं. आणि शिकवायला लागायचं म्हणजे अजिंठ्यापासून जपानपर्यंत पाहिलेली सगळी चित्रं मनात पुन्हा एकदा उघडायची, ती शब्दांत सांगायची. त्यांच्या वर्गात बसलेल्या डोळस मुलांना चित्रं दाखवत होता तो चित्रं न दिसणारा शिक्षक.

उपरणं, पेन आणि घोटीव कागद

अंधत्वानंतर त्यांनी पेनाने रेखाटनं केली, माती आणि मेणाचे छोटे आकार घडवले, शिलामुद्रा म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं केली, आणि कागद कापून चित्रं केली. यातली कागदाची चित्रं सगळ्यांत जास्त गाजली. रंगीत कागदाचे मोठे, सपाट, ठाशीव आकार. बहुतेक माणसंच. त्यांत कुठेही दुबळेपणा नाही, चाचपडणं नाही.

कागदच का, हे कळावं म्हणून मी एका रविवारी डोळ्यांवर उपरणं घट्ट बांधून बसलो. आधी पेन घेतलं. बसलेली बाई काढायची ठरवलं. डोकं, मान, खांदा इथवर हात बरोबर गेला. मग दुसरा खांदा काढायला पेन उचललं आणि सगळं हरवलं. रेषा कुठे संपली होती ते बोटाला कळेना, शाई तर लागत नाही. उपरणं सोडून पाहिलं तर बाईचा दुसरा हात कानातून निघाला होता. बिनोदबिहारींच्या अंधत्वानंतरच्या रेखाटनांत रेषा लांब, सलग जाते. पेन उचलण्याची पाळी कमीत कमी यावी, हे त्यामागचं कारण असणार असा माझा अंदाज आहे. तीस वर्षं शिकवलेलं मनगट इथे कामी आलं असणार.

मग घोटीव कागद घेतला, आपण शाळेत आकाशकंदिलाला वापरतो तो. पहिली गंमत म्हणजे त्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत, त्यामुळे रंगाची बाजू बोटाला लगेच कळते. कागद दुमडला, नखाने घडी दाबली. ती घडी बोटाखाली दोरीसारखी लागते. उजव्या हातात कात्री, डावा अंगठा कागदावर पातीच्या पुढे पुढे. वळण घ्यायचं तर कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. कापून झालं आणि मी तर्जनी त्या कडेवरून फिरवली. डोकं, मान, खांदा, कंबर. सगळं होतं. चुकलं कुठे तेही कळलं, कोपराशी कड जरा जास्त आत गेली होती. मी ती पुन्हा कापली.

मला त्या क्षणी बिनोदबिहारी समजले असं म्हणणार नाही, पण कागद समजला. पेनाची रेषा आंधळ्या हाताला परत वाचता येत नाही. कागदाची कड येते. चूक शोधता येते, दुरुस्त करता येते, काल अर्धवट ठेवलेलं आज हातात घेऊन पुढे नेता येतं. एका कागदावर दुसरा चिकटवला की त्याची जाडी लागते, मागचं-पुढचं कळतं. रंग तेवढा दुसऱ्याला विचारावा लागतो. पिवळा दे, तपकिरी दे. पण कुठल्या तपकिरीशेजारी कुठला पिवळा, हे ठरवणारं डोकं तेच, खोआईच्या मातीत तीस वर्षं वावरलेलं.

कागद कापण्याचा विषय निघाला की कोणीतरी फ्रेंच चित्रकार मातीसचं नाव घेतंच. मातीसवर 1941 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, उभं राहून रंगवणं अवघड झालं आणि त्याने कात्री धरली. साम्य आहे. पण मातीस रंग बघत होता, भिंतीवर टाचलेला तुकडा इकडून तिकडे हलवायला मदतनीसाला सांगत होता, पुन्हा बघत होता. दोघांची कात्री एक, वाट निराळी.

फरश्यांचं भित्तिचित्र

1972 मध्ये, अडुसष्ट वर्षांच्या बिनोदबिहारींनी कलाभवनाच्या आवारात पुन्हा भिंत घेतली. ओला गिलावा आता शक्य नव्हता. त्यांनी चिनी मातीच्या रंगीत फरश्या निवडल्या. कागद दुमडून, कापून केलेले आकार हा आराखडा, आणि तो फरश्यांत उतरवायला इतरांचे हात. मी फार वर्षांपूर्वी ती भिंत पाहिली. उन्हात होती. मोठ्या, साध्या आकृत्या, बारकावे जवळजवळ नाहीत. आसपास कोणी नाही असं पाहून मी डोळे मिटले आणि हात ठेवला. फरशी थंड, सांधा खडबडीत, पुन्हा फरशी. हिंदी भवनाची भिंत अशी वाचता येत नाही, ती डोळ्यांसाठी आहे. ही वाचता येते.

त्याच वर्षी त्यांचा जुना विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला. त्यात हात सतत काही ना काही करत असतात, आणि चेहऱ्यावर दयेची याचना कुठेच नाही. शेवट बिनोदबिहारींच्याच उद्गारांनी होतो. अंधत्व ही एक नवी जाणीव आहे, नवा अनुभव आहे, असण्याची नवी अवस्था आहे, अशा अर्थाचे ते शब्द. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होतो.

पुढे 1974 मध्ये पद्मविभूषण, आठवणींचं पुस्तक, आणि 1980 च्या नोव्हेंबरात मृत्यू.

काय जमलं नाही, आणि आशा कुठे होती

हेही लिहिलं पाहिजे. खोआईचा माळ त्यांच्या कामातून गेला. दूरचं क्षितिज, पाण्यासारखा पातळ रंग, एकावर एक चढवलेल्या छटा, गर्दीतला प्रत्येक वेगळा चेहरा, हे पुन्हा आलं नाही. हिंदी भवनासारखं काम नंतर झालं नाही आणि होणं शक्यही नव्हतं. अंधत्वाने त्यांना मोठं केलं असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. ते आधीच मोठे होते. अंधत्वाने पुष्कळ काही हिरावून नेलं, आणि जे उरलं त्याचा त्यांनी हिशोब मांडला. मनगटाची रेषा उरली होती. आख्खी भिंत मनात धरण्याची सवय उरली होती. जगभरच्या चित्रांची आठवण उरली होती. ओळखीच्या पायवाटा, विद्यार्थी, विचारल्यावर रंग सांगणारं माणूस उरलं होतं. त्या उरलेल्यात बसेल असं साहित्य त्यांनी शोधलं.

या प्रकरणात मला दिसलेली आशा ही आहे. ती त्यांच्या चित्रांच्या विषयांत उगवत्या सूर्यासारखी दिसत नाही. त्यांनी तसली चित्रं काढलीच नाहीत. बसलेला माणूस, उभी बाई, हेच काढलं, जे आधीही काढत होते. आज अर्धवट ठेवलेला कागद उद्या हाताला लागेल, त्याची कड ओळखीची असेल, तिथून पुढे कापता येईल, एवढ्यावर त्यांचा विश्वास होता आणि तो तेवीस वर्षं पुरला. मुलगी मृणालिनी पुढे मोठी शिल्पकार झाली. तागाच्या दोऱ्यांना गाठी मारत, आधी रेखाटन न करता, ती माणसाहून उंच आकार उभे करायची. ते आकार बघताना मला तिच्या वडिलांचे हात आठवल्याशिवाय राहत नाहीत.

त्या मुलाचं

एलिमेंटरीला चार पेपर असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. बावीस वर्षांत मी 'स्मरणचित्र' हा शब्द हजारदा उच्चारला असेल, पण त्याचा अर्थ मला या वर्षी नीट कळला.

श्रावणात मी त्या मुलाच्या हातात घोटीव कागद दिला आणि म्हटलं, कागदावर वाकायचं नाही, ताठ बसून काप. पहिले दोन आठवडे नुसते तुकडे झाले. तिसऱ्या आठवड्यात त्याने आई केली, भाकरी थापणारी. लुगड्याच्या निऱ्यांसाठी त्याने कागद पंख्यासारखा दुमडून चिकटवला होता, म्हणजे बोट फिरवलं की एकेक निरी लागते. ही कल्पना मी दिलेली नव्हती.

आईला बोलावून ते चित्र दाखवलं. ती बघत राहिली. मग मुलाने तिचा हात धरून निऱ्यांवर ठेवला, "डोळे मीट आणि मोज." तिने मोजल्या. सात होत्या.

परीक्षेचा फॉर्म तिने तिथेच बाकावर बसून भरला. वस्तुचित्राच्या पेपरची आम्हा दोघांना अजून धास्ती आहे. त्यासाठी वस्तू आधी हातात घेऊन चाचपायला द्यायची, मग समोर ठेवायची, असा सराव आम्ही सोमवारपासून सुरू केला आहे. पहिल्या दिवशी तांब्या होता. त्याने तांब्याचा काठ तीनदा बोटाने फिरून पाहिला आणि मग पेन्सिल मागितली.